घाट परवडला, खाडी नको

सोलापूरच्या सायकलवाल्याला चढ म्हटलं की तुळजापूरचा घाट आठवतो आणि यादी तिथेच संपते. अक्कलकोट रोड घ्या, विजापूर रोड घ्या, पंढरपूर रोड घ्या. रस्ता सरळसोट, नजर पोचेल तिथपर्यंत दिसणारा. एकदा लय लागली की तासन्‌तास तोच गिअर. तक्रार करायची तर उन्हाची नाहीतर समोरच्या वाऱ्याची.

मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं मात्र मला पहिल्यापासून आकर्षण होतं. हाच १६६ क्रमांकाचा महामार्ग सांगोला, मिरज, कोल्हापूर करत थेट रत्नागिरीला जातो. साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे अंतर, पण रस्ता एकच. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, रत्नागिरी समुद्राला लागून. मित्राने एवढा हिशोब मांडला आणि म्हणाला, ‘उतारच आहे की बे सगळा!’ गिअर-बिअर बदलायची त्याला गरज वाटली नाही. त्याची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, ११-२८ दात्यांची, सोलापुरात तीसुद्धा चैन वाटते. मी निघायच्या आधी ११-३४ बसवून घेतली होती, मागची चकती मोठी तेवढा चढाला गिअर हलका. पुढे हा फरक आमच्या दोस्तीच्या मुळावर आला.

कोल्हापूरपर्यंतचं काही सांगत नाही. ज्वारी, मग द्राक्षं, मग ऊस, आणि उसाच्या ट्रॉल्या. मलकापूर सोडलं की झाडी दाट होते आणि आंबा गावापुढे घाट सुरू होतो. आपण पूर्वेकडून येतो, त्यामुळे आंबा घाट चढायचा नसतो, उतरायचा असतो. वळणावळणाने साखरप्यापर्यंत नुसतं ब्रेक सांभाळायचं काम. ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत. वळणाच्या आधी दाबायचे, वळणात सोडायचे. खाली पोचलो तेव्हा हवा पार बदललेली. आमच्याकडे घाम येतो आणि तिथल्या तिथे वाळतो, शर्टावर फक्त मिठाच्या पांढऱ्या रेघा उरतात. इथे घाम वाळतच नाही. कोपरावरून हँडलवर, हँडलवरून गुडघ्यावर ठिबकत राहतो. गळ्यातला सोलापुरी नॅपकिन साखरप्यातच पिळावा लागला.

तरी खरा कार्यक्रम रत्नागिरीनंतरचा होता. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असं घाटावरच्या माणसाच्या डोक्यात का बसलेलं असतं कुणास ठाऊक. मुंबईचा मरीन ड्राइव्ह पाहून बसत असावं. कोकणात डोंगर समुद्रापर्यंत चालत येतो. वर जांभ्या दगडाचा सडा, उघडा, माळासारखा. सह्याद्रीतून पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांनी तो जागोजागी चिरलेला, आणि नद्यांच्या मुखांत समुद्र आत शिरून खाड्या झालेल्या. गावं खाली, खाडीच्या नाहीतर पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या कडेला. म्हणजे रस्त्याने गावात उतरायचं, गाव संपलं की पुन्हा सड्यावर चढायचं, चार-पाच किलोमीटरवर पुन्हा उतरायचं. एकेक चढ शे-दीडशे मीटरचाच, पण असे दिवसभर. मोठा घाट प्रामाणिक असतो. तो आधी दिसतो, एकदाच चढवतो, वर पोचल्यावर चहाची टपरी देतो. खाडीचा चढ उतरतानाच आपल्याला कळवतो की जेवढं खाली चाललायस तेवढं पलीकडे वर यायचंय. उताराचा आनंदसुद्धा धड घेऊ देत नाही.

पहिला नमुना आरे-वारे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा हा किनाऱ्याचा रस्ता फोटोंमुळे सगळ्यांना माहीत आहे. फोटोत चढ दिसत नाही. पुळणीला लागून सुरूच्या बनातून आरामात जाताना रस्ता एकदम उजवीकडे वळून कड्यावर चढायला लागतो. वर निळं पाणी, खाली पांढरी फेसाची रेघ, आणि मित्राचा श्वास मला मागून ऐकू येत होता. फोटो काढायला थांबू या, असं तोच म्हणाला. त्याने आयुष्यात कधी एवढे फोटो काढले नसतील.

गणपतीपुळ्यानंतर मालगुंड, केशवसुतांचं गाव. तिथून पुढे सड्यावरून जयगड. बंदराची अवजड वाहतूक असते, तेवढ्या पट्ट्यात रांगेतच चालवा. जयगडला शास्त्री नदीची खाडी आडवी येते आणि सायकलसकट फेरीबोटीत बसून पलीकडे तवसाळला जायचं असतं. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर अशा खाड्या बऱ्याच आहेत. त्यांच्यावर पुलांची कामं निघाली आहेत, गाडीवाल्यांची सोय होईल. सायकलवाल्याने पूल व्हायच्या आत एकदा जाऊन यावं असं माझं मत. चढांच्या मध्ये हक्काची बसायला मिळणारी तीच एक जागा.

बोटीत चढायची एक रीत आहे. आधी समोरून येणाऱ्या गाड्या उतरतात, मग आपली रांग सुटते. बोटीची लोखंडी फळी जेट्टीवर आदळलेली असते आणि तिच्याखाली ओहोटीने उघडी पडलेली हिरवी, शेवाळलेली फरशी. पायडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांनी तिथे पाय टाकलात की गेलात. आम्ही बूट काढून हँडलला अडकवले आणि अनवाणी चढलो. ‘सायकल भिंतीला टेकवू नका, हातात धरा,’ बोटीवरच्या काकांनी दटावलं. मग सोलापूर ऐकल्यावर त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘एस्टी नाही का तिकडून?’

तवसाळहून हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. या सगळ्या रस्त्यात मला हाच तुकडा सगळ्यात जास्त आवडला आणि यानेच सगळ्यात जास्त रडवलं. हेदवीला दशभुजा गणपतीचं देऊळ टेकडीवर, किनाऱ्याला बामणघळ. खडकातल्या चिंचोळ्या भेगेत भरतीची लाट घुसते आणि आतून फवारा होऊन उसळते. भरतीची वेळ विचारून जा, एरवी नुसती भेग दिसते. हेदवी ते वेळणेश्वर अंतर किरकोळ, पण मध्ये घाटी आहे. वाडीतून निघालेला रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे म्हणजे बुटक्या दगडी भिंती, त्यांच्यावर वाळलेलं शेवाळ, वर पोफळी. सावली एवढी की सकाळचं दव रस्त्यावर तसंच. अशा ओल्या वळणावर चढताना उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच चढायचं, वजन मागे ठेवून. म्हणजे हलका गिअर हवाच. माझ्याकडे होता. मित्र खाली उतरून सायकल ढकलत होता. गडग्यावर बसलेल्या एका आजोबांनी त्याला धीर दिला, ‘एवढीच घाटी हो, मग सगळं सपाट.’

‘हे सगळेच असं सांगायलेत बे,’ तो वर आल्यावर म्हणाला.

वेळणेश्वरला खाणावळीत आम्ही भातावर तुटून पडलो. बॅगेतली शेंगाची चटणी काढली तर मावशींनी चिमूटभर चाखली, ‘तिखट नाही हो फारशी,’ म्हणाल्या आणि पुढच्याच क्षणी सोलकढीचा पेला तोंडाला लावला.

गुहागरचा किनारा लांबलचक आणि गाव त्याला समांतर, त्यामुळे तेवढा वेळ पायांना सुट्टी. पुढे धोपाव्याकडे जाताना एके काळी पेपर भरून टाकणारा एन्रॉनचा वीजप्रकल्प लागतो. नाव दाभोळचं पडलं, आहे मात्र खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात. धोपाव्याहून बोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की दाभोळ, आणि तिथून बुरोंडी, लाडघर, कर्दे, मुरुड, हर्णै असा चढउतारांचा पुन्हा तोच खेळ. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आंजर्ल्याची खाडी पुलावरून. आंजर्ले ते केळशी रस्ता कधी पाण्यालगत, कधी कड्यावर. गाड्या फार कमी.

आम्ही दक्षिणेकडून उत्तरेला गेलो, कारण सोलापूरकराला रत्नागिरी सोयीची. पण दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा इथे वायव्येकडून असतो, म्हणजे उत्तरेला तोंड करून जाणाऱ्याच्या नाकावर. ज्यांना जमेल त्यांनी उत्तरेकडून दक्षिणेला यावं. नाहीतर पहाटे निघून दुपारच्या आत मुक्काम गाठावा. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हिरवं दिसतं म्हणून जाऊ नका. जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून येते आणि चाकाच्या कडेला दाबणाऱ्या रिम ब्रेकचे पॅड कानशीसारखी खाते. कोरड्या दिवसांतही जास्तीचे पॅड जवळ ठेवा, वाटेतल्या गावांत ते मिळतीलच असं नाही. टायर २८ मिलिमीटरच्या खाली नकोत.

केळशीला सायकली पुसताना मित्राने पुढच्या मोसमाचा विषय काढला. त्या खेपेला रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण. नकाशा मोबाइलवर मोठा करून तो खाड्या मोजायला लागला. मोजून झाल्यावर त्याने सोलापूरच्या सायकल दुकानदाराला फोन लावला आणि ११-३४ ची कॅसेट केवढ्याला पडते ते विचारलं.