हातात जोर नसताना टायर बसला तर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "बाटलीचं झाकणसुद्धा दुसऱ्याकडून उघडून घेता आणि लांबच्या प्रवासाला एकट्याच गाडी काढता. वाटेत टायर बसला तर काय करता?" संधिवातानं माझी मनगटं कमजोर झाली आहेत, तेव्हा ही काळजी रास्त आहे. पण चाक मी स्वतः बदलते, आणि त्याहून जास्त वेळा न बदलताच निभावून नेते.

हल्ली बहुतेक गाड्यांना ट्यूबलेस टायर असतात. खिळा घुसला तरी बऱ्याचदा तोच भोक बुजवून धरतो आणि हवा हळूहळू जाते. म्हणून खिळा उपटायचा नाही. माझ्या डिकीत गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असतो. दाराच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरते आणि पंक्चर काढून मिळेल तिथवर सावकाश जाते; वाटेत थांबून पुन्हा भरावी लागली तर भरते. कॉम्प्रेसर घेताना नळीचं तोंड मात्र स्वतःच्या हातानं लावून पाहा. अंगठ्यानं दाबायचा खटका मला जमत नाही, फिरवून बसणारं तोंड जमतं. तुमचं उलटही असेल.

रस्त्यावर स्वतः पंक्चर काढायचं किट मला पुष्कळांनी सुचवलं. आपल्यासारख्यांसाठी ते नाही. चिकट दोरी टायरच्या आतल्या पोलादी तारांमधून आत घुसवायला नट सोडवण्याइतकाच जोर लागतो.

टायरची बाजू फाटली तर कॉम्प्रेसर कामाचा नाही, चाकच बदलावं लागतं. त्यात खरा जोर दोनच ठिकाणी लागतो: नट सैल करताना आणि चाक उचलताना.

लहान गाड्यांचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. २५ सेंटिमीटरच्या पान्ह्यानं तेवढा पीळ द्यायला टोकावर ४० किलोंचा दाब लागतो. पान्हा ५० सेंटिमीटरचा असेल तर २० किलो पुरतात. म्हणून गाडीबरोबर आलेल्या आखूड पान्ह्याच्या जोडीला मी ओढून लांब होणारा पान्हा ठेवते. गाडी सपाट, टणक जागी, रहदारीपासून दूर उभी करायची, हॅन्डब्रेक लावायचा, बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगडाची उटी द्यायची. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे. पान्ह्याचा दांडा डावीकडे आडवा येईल असा बसवायचा, गाडीला धरून उभं राहायचं आणि पायानं हळूहळू भार टाकायचा. मनगटाचं काम अंगाच्या वजनावर सोपवायचं. उडी मात्र मारायची नाही. पान्हा निसटला तर पडायला होतं.

तरीही नट हलत नसेल, तर बहुधा मागच्या वेळी कुणीतरी हवेच्या गननं तो वाजवीपेक्षा फार आवळलेला असतो. माझ्या बाबतीत एकदा असंच झालं आणि भर उन्हात तासभर मदतीची वाट पाहावी लागली. तेव्हापासून चाकाचं कुठलंही काम झालं की शेवटचे आवळे टॉर्क पान्ह्यानं (नट ठरलेल्या जोराइतकाच आवळला गेला की कळवणाऱ्या पान्ह्यानं), माझ्यासमोर द्यायला सांगते. घरी परतल्यावर प्रत्येक चाकाचा एकेक नट सोडवून बघते आणि परत आवळते. दारात सुटला नाही तो रस्त्यावरही सुटणार नाही, आणि हे वेळेवर कळलेलं बरं.

जॅकचा दांडा दोन्ही हातांनी, थांबत थांबत फिरवते. त्याच्या आट्यांना अधूनमधून ग्रीस लावलं तर तो हलका फिरतो. गाडी जॅकवर असताना अंगाचा कुठलाही भाग तिच्याखाली घालायचा नाही.

लहान गाडीचं चाकही पंधराएक किलोंचं भरतं. मी ते उचलत नाहीच. डिकीतली स्टेपनी उभी करते, काठावर टेकवते आणि फळीवरून खाली घरंगळत सोडते. पंक्चर झालेलं चाक गंजानं अडकलं असेल तर, गाडी जॅकवर नेण्याआधी, नट थोडेच सैल असताना गाडी वीतभर पुढे-मागे केली की ते सुटतं. स्टेपनी बसवताना तर चाक वर न्यायच्या ऐवजी मी गाडी खाली आणते. चाक बोल्टांसमोर उभं करायचं, जॅक थोडा थोडा उतरवायचा, भोकं आणि बोल्ट एका रेषेत आले की चाक आत ढकलायचं. चाक थोडंसंच कमी पडत असेल तर खाली फळी सरकवून तिचं टोक पायानं दाबते, तेवढ्यानं ते वर येतं.

नट समोरासमोरच्या जोड्यांनी हातानंच बसवायचे, गाडी खाली घ्यायची, मग पुन्हा त्याच पायानं आणि लांब पान्ह्यानं आवळायचे. पण इथे दांडा उजवीकडे. पायाचा अंदाज चुकू शकतो, म्हणून पुढच्या पन्नासेक किलोमीटरच्या आत टॉर्क पान्हा असलेल्या कुणाकडून ते तपासून घेते. आणि स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा, चारही चाकांबरोबर, त्याच कॉम्प्रेसरनं.