उसाचे इथेनॉल आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज

ऊस पिकवणारा, कारखान्याचा सभासद असणारा आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून गाडीचे अ‍ॅव्हरेज घटले म्हणून कुरकुरणारा माणूस कोल्हापुरात पुष्कळदा एकच असतो, त्यामुळे हा वाद आपल्याकडे अधिक चिवट होतो. तक्रार खरी आहे. मात्र तिचे मूळ भेसळीत नसून इथेनॉलच्या रेणूत आहे, आणि त्याच रेणूच्या ज्या गुणामुळे हे नुकसान भरून निघावे, तो वापरून घेण्याची सोय आपल्या जुन्या इंजिनांत नाही, असे माझे मत आहे.

इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. वजनात ऑक्सिजनचा वाटा जवळजवळ ३५ टक्के, आणि त्यातून उष्णता मिळत नाही. म्हणून एक लिटर पेट्रोल सुमारे ३२ मेगाज्यूल देते, तर एक लिटर इथेनॉल २१ च्या आसपास. हिशेब केला, तर २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के आणि १० टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्के उष्णता कमी भरते. लिटरला ५० किलोमीटर जाणारी दुचाकी ४७ वर आली, तर ते रसायनशास्त्र झाले. ४० वर आली, तर मिस्त्रीला दाखवावी.

हवेचाही प्रश्न आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. जुन्या गाड्यांतल्या कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणारे छिद्र, मात्र ठरलेल्या मापाचे असल्याने मिश्रणात हवा जास्त होते आणि गाडी ओढ कमी देते.

आता जमेची बाजू. इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबाखाली आपोआप पेट न घेण्याचा गुण सांगणारा आकडा, शंभराच्या वर आहे आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते, त्यामुळे दाब वाढवला तरी इंधन आपोआप पेटून इंजिन सहसा ठोकत नाही. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, १० वरून १२ केला, तर आदर्श ऑटो चक्राची (पेट्रोल इंजिनाच्या कागदावरच्या गणिताची) कार्यक्षमता ६० टक्क्यांवरून ६३ पर्यंत जाते, म्हणजे गमावलेल्यातले बरेचसे परत मिळते. पण सिलिंडर आणि पिस्टन कारखान्यातून आले तसेच राहतात. पंपावर इंधन बदलल्याने रेशो बदलत नाही.

पाण्याशी इथेनॉलचे सख्य मोठे. आसवनीत ऊर्ध्वपातन कितीही केले तरी वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे ते शुद्ध होत नाही, कारण त्या प्रमाणात दोन्ही एकत्रच उकळतात. उरलेले पाणी झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांनी काढतात: त्यांची छिद्रे ३ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), त्यांत पाण्याचा रेणू शिरतो आणि इथेनॉलचा मोठा रेणू बाहेर राहतो. एवढ्या खटाटोपाने सुकवलेले इंधन आपल्याकडच्या पावसाळ्यात झाकणाचे रबर फाटलेल्या टाकीत भरले, तर पुरेसे पाणी शिरताच इथेनॉल त्या पाण्यासह तळाशी वेगळे होते, आणि इंजिनाकडे जाणारे इंधन नेमके तळातूनच घेतले जाते. अ‍ॅव्हरेजपेक्षा मला याची चिंता अधिक वाटते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात घडलेल्या ऑइल इंजिनांचा, म्हणजे डिझेल इंजिनांचा, विषय निराळा आहे. तिथे ठिणगी नसते; दाबाने तापलेल्या हवेत इंधनाने आपणहून पेट घ्यावा लागतो. हा गुण सांगणारा सीटेन अंक आजच्या डिझेलचा किमान ५१ असतो, इथेनॉलचा दहाच्याही खाली. ठोका टाळणारा गुणच इथे आडवा येतो. स्वीडनमध्ये स्कॅनियाच्या बसगाड्या ९५ टक्के इथेनॉलवर धावल्या, पण त्यासाठी इंधनात पेट घेण्यास मदत करणारे द्रव्य मिसळावे लागले आणि कॉम्प्रेशन रेशो २८ पर्यंत न्यावा लागला. आपल्या जुन्या पाणी-इंजिनांत तो साधारण १७ असतो.