भरलेल्या बाटल्या

वडगावच्या आजींची पाण्याची बाटली उचलली आणि ती हाताला जड लागली. सकाळी सहाला केंद्रातून निघताना मीच भरून दिली होती, एक लिटरची, ओळखू यावी म्हणून झाकणाला हिरवा दोरा बांधून. आता दहा वाजत आले होते आणि पाणी झाकणापर्यंत तसंच होतं. शेजारी काकूंची बाटली होती. तीही भरलेली. मग मी पिशव्यांमधनं एकेक बाटली काढून बघत गेले. सहा पुरुषांच्या बाटल्या अर्ध्यावर आल्या होत्या. सात बायकांच्या सातही जशाच्या तशा.

हे लक्षात येऊन मी नदीकडं वळले, तेवढ्यात आजी खडकावरून उठल्या आणि उठता उठताच मटकन खाली बसल्या. पाय गुडघ्यापर्यंत मलप्रभेत, हात शेजारच्या काकूंच्या पदराला घट्ट, आणि चेहरा पांढराफटक.

मी पेशानं नर्स. एकोणीस वर्षं हॉस्पिटलात काढली आणि गेली चार वर्षं बेळगावातल्या ज्येष्ठांच्या एका दिवसभराच्या केंद्रात काम करते. उन्हाळा हा आमच्याकडं वर्षातला सगळ्यात एकटा काळ. शाळांना सुट्ट्या लागतात, घरची मंडळी गोव्याला, कोकणात, लग्नकार्याला जातात आणि म्हातारी माणसं घर राखायला मागं राहतात. "आम्ही कुठं फिरणार ह्या वयात," असं म्हणतात, पण केंद्रातल्या फळ्यावर सहलीची तारीख लिहिली की सगळ्यांत आधी तेच विचारतात, किती वाजता निघायचं? म्हणून मे महिन्यात एक तरी सहल काढायची हा माझा हट्ट.

या सहलीच्या आदल्या वर्षी गोकाकला गेलो होतो. ती माझीच चूक. केंद्रातल्या मुधोळकडच्या एका कन्नड आजींना, आमच्या अव्वाला, धबधबा बघायचा होता. घटप्रभा तिथं ५२ मीटरवरून कोसळते, पण ती पावसाळ्यात. मे महिन्यात कोरडा कडा आणि तापलेला खडक. झुलत्या पुलापर्यंत दोघंच गेले, बाकीचे गाडीत बसून राहिले. करदंट, म्हणजे तिथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, तेवढा घरी आला. आपल्या जिल्ह्याचं हे लक्षात ठेवावं लागतं: पूर्वेला गोकाक, अथणीकडं उन्हाची काहिली, आणि पश्चिमेला खानापूरकडं गेलं की झाडी, ओढे आणि दुपारी वळवाचा पाऊस. बेळगाव शहर स्वतः अडीच हजार फुटांवर आहे, सकाळची हवा मेमध्येसुद्धा गार असते. ती गार वेळ वापरायची आणि पश्चिमेला जायचं, एवढं मी त्या वर्षी शिकले.

म्हणून या खेपेला असोगा. खानापूरपासून अगदी जवळ, मलप्रभेच्या काठी, रामलिंगाचं देऊळ आणि गर्द सावली. बेळगावहून तीसेक किलोमीटर, वाटेत कुणाला गाडी लागण्याइतका वेळच नाही. टेम्पो ट्रॅव्हलर सांगितली. तिची पायरी उंच म्हणून लाकडी पाट बरोबर घेतला. रेशनकार्डाच्या झेरॉक्सपासून गोळ्यांच्या डब्यांपर्यंत सगळं तपासलं. बी.पी.चं यंत्र, साखरेचं यंत्र, ओआरएसची पाकिटं, सतरंज्या, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. केंद्रात घडीची एक कमोडची खुर्ची होती. ती ठेवली तर मागची सीट अडत होती, म्हणून मी ती राहू दिली.

निघालो तेव्हा काय उत्साह होता! तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबाग मागं टाकलं तशी अनगोळच्या मामांनी खिडकी उघडली. मच्छेपासून पुढं रस्त्याकडेला बायका करवंदं घेऊन बसल्या होत्या. गाडी थांबवलीच. पानाच्या द्रोणातली करवंदं तेराही जणांनी खाल्ली, मधुमेहवाल्यांनीसुद्धा, आणि मी अडवलं नाही. येळ्ळूरचे गुरुजी मीटरगेजच्या गाडीच्या आठवणी सांगत होते. आठच्या आत असोग्याला पोचलो. उन्हाळ्यात नदी आटलेली असते, खडक उघडे पडतात आणि मधल्या डोहांत गुडघ्याएवढं नितळ पाणी राहतं. पाय सोडून बसायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. देवदर्शन झालं, दहीपोहे झाले, सगळे पाण्यात पाय घालून बसले. मला वाटलं, आज सगळं जमून आलंय.

मग त्या बाटल्या.

ड्रायव्हर दादांनी आणि मी आजींना उचलून सावलीत आणलं, आडवं केलं, पायाखाली दोन पिशव्या सरकवल्या. बी.पी. नव्वदला साठ. साखर ठीक. शुद्ध चांगली होती, स्वतःचं नाव, गाव, वार सगळं नीट सांगत होत्या. जीभ मात्र कोरडीठक्क आणि हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आमच्या केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लिटरभर पाण्यात एक पाकीट ओआरएस करून दर दोन-तीन मिनिटांनी घोटघोट द्या, वीस मिनिटांनी बी.पी. बघा, उलटी झाली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर क्षणभर न थांबता खानापूरला दवाखान्यात न्या. ओला पंचा कपाळावर आणि मानेवर ठेवत मी विचारलं, "आजी, सकाळपासनं पाणी का नाही प्यालात?"

त्यांनी तोंड फिरवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "गावाला जायच्या दिवशी मी पाणी पीत न्हाई, पोरी. लगीन झाल्यापासनं न्हाई. काल रातीपासनंच बंद केलंय."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मीपण." अव्वा नुसती हात हलवून म्हणाली, "नीरु बेडा." पाणी नको. आणि दोघींनी तर लघवी जास्त होण्याची जी गोळी असते, ती सकाळी घेतलीच नव्हती. मला सांगितलं होतं, घेतली म्हणून.

आजींचं सगळं आयुष्य वडगावात विणकरांच्या, हातमागाच्या घरात गेलं. सुताच्या कांड्या भरायला बसलं की दुपारपर्यंत उठायचं नाही, घरात सोय नाही, बाहेर जायचं तर अंधार पडल्यावर. ती सवय साठ वर्षं अंगात मुरलेली. त्यात आता गुडघे गेलेले. बाहेर कुठं संडास असला तरी तो खाली बसायचा, आणि खाली बसलं की उठता येत नाही. आत कडी लावून अडकून पडण्याची भीती, कुणाला तरी हाक मारून उठवायला बोलवण्याची लाज. हे त्यांनी मला चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलंही नव्हतं. मी त्यांच्या रक्तदाबाचे आकडे रोज वहीत लिहीत होते.

वय झालं की तहानच कमी लागते. शरीरातलं पाणी आटत आलं तरी घसा कोरडा पडल्याची जाणीव उशिरा होते, आणि मूत्रपिंडंही पाणी पूर्वीसारखं राखून ठेवू शकत नाहीत. त्यावर बी.पी.ची गोळी चालू असेल तर बसलेलं माणूस एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. आजींचं नेमकं हेच झालं. गार पाण्यात पाय, डोक्यावर सावली, ऊन लागल्यासारखं काहीच वाटत नव्हतं, आणि आतून त्या रात्रीपासून सुकत चालल्या होत्या. एक सांगायला हवं, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पाणी किती द्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावं. आमच्यात तसे दोघं होते, त्यांचं माप वेगळं लिहून ठेवलेलं असतं.

वीस मिनिटांनी आजींचं बी.पी. एकशे सहाला सत्तर झालं. रंग परत आला. मी मात्र अजून घाबरलेलीच होते, कारण उरलेल्या सहा जणी. त्यांना पाणी प्या म्हणून सांगणं म्हणजे नुसता उपदेश. पाणी पिऊन जायचं कुठं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि उत्तर होती ती खुर्ची बेळगावात राहिली होती.

आमचा गलका ऐकून वरच्या बाजूच्या घरातली एक बाई खाली आली होती. चाळिशीची असेल, हाताला पीठ लागलेलं. काय झालं म्हणून विचारलं. मी सरळ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. ती लगेच म्हणाली, "माझ्या सासूबाईंसाठी कमोड बसवून घेतलाय, दोन वर्षं झाली. त्या गेल्या, पण कमोड हाय की. आणा सगळ्यांना." मग अव्वाकडं वळून कन्नडमध्ये, "बर्री अज्जी, वळगे बर्री." आत या. अव्वाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

आजी आडव्याच होत्या, त्यांच्याजवळ ड्रायव्हर दादा आणि गुरुजी थांबले. बाकी सहा जणी एकमेकींचा हात धरून त्या घराकडं निघाल्या. घरात भिंतीला धरायला लोखंडी दांडा लावलेला होता. तो त्या बाईच्या नवऱ्यानं आईसाठी स्वतः वेल्डिंग करून आणलेला. परसात बाहेर एक दगड, त्यावर तांब्या, शेजारी पायपुसणं. एकेक करून सगळ्या जाऊन आल्या. मी दाराशी उभी होते. कडी लावू नका, मी इथंच आहे, एवढं सांगत होते. शेवटी काकू बाहेर आल्या, ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "आता आण बघू तुझं पाणी."

सहल तिथनं सुरू झाली.

त्या बाईनं कैरीचं पन्हं केलं. आम्ही नेलेलं ताक होतं, चिरमुरे होते, तिनं घरचे रातांबे आणि फणसाचे गरे काढले. ओसरी शेणानं सारवलेली, वर मंगलोरी कौलं, आत सुखद गारवा. तासाभरानं आजींना दोघांनी धरून वर आणलं, त्यांनाही दांड्याची खोली दाखवली, आणि मग त्याही पन्हं प्यायला बसल्या. एरवी केंद्रात या बायका भजन सुरू केलं की दोन ओळींत थांबतात. त्या दिवशी जात्यावरच्या ओव्या निघाल्या, एकीची संपली की दुसरीची. अव्वानं कन्नडमधलं पद म्हटलं, घरच्या बाईनं त्याचा अर्थ सांगितला. मामा आणि गुरुजी अंगणातल्या फणसाखाली पत्ते खेळत होते. कुणी चार पावलं जाऊन काही बघितलं नाही की फोटो काढला नाही. बाटल्या दोनदा भराव्या लागल्या. प्रत्येक खेपेला त्या दांड्याच्या खोलीकडं कुणी तरी जाऊन येत होतं, आणि जाताना आता कुणी कुणाची नजर चुकवत नव्हतं.

अकराला निघायचं ठरवलं होतं, साडेबारा झाले. परतताना प्रभूनगरपाशी आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. काचा बंद करायला मामा तयार होईनात.

त्यानंतर सहलीची जागा ठरवायची माझी पद्धत पार बदलली. आधी मी काय बघण्यासारखं आहे ते शोधायची. आता आधी कमोड कुठं आहे, तो कुणाच्या घरी, दारापर्यंत किती पायऱ्या, हे बघून येते आणि मग बघण्यासारखं काय ते ठरवते. घडीची खुर्ची आणि आडोशाला जुन्या साडीचा पडदा गाडीत सगळ्यांत आधी चढतो, सीट अडली तर अडली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी फोन करून विचारते, आत्ता पाणी प्यालात का. लांब जायचं नसेल तर सकाळी सातला किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती. १२०४ सालचं बांधकाम, दगडी छताला लोंबणारं ते कमळ, आणि आत मेमध्येसुद्धा थंडावा. किंवा टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपर्यंत चालत. १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. आमच्यातल्या दोघांचे वडील त्याला स्वयंसेवक होते, त्यामुळं तिथं मला काही सांगावं लागत नाही. व्हॅक्सिन डेपोच्या जुन्या आवारातली झाडं तर घराजवळचीच. या तिन्ही ठिकाणांहून घर दहा-पंधरा मिनिटांवर, म्हणून आजीसुद्धा निर्धास्त येतात.

वडगावच्या आजींना मात्र हलशीला जायचंय. लहानपणी बैलगाडीतनं जत्रेला गेल्या होत्या, भूवराह नरसिंहाचं देऊळ, समोरासमोर दोन गाभारे, एवढं त्यांना आठवतं. गेल्या रविवारी मी स्कूटीवरून एकटी जाऊन आले. आवारातली फरशी नऊनंतर चटके देते, म्हणजे सातला तिथं असायला हवं. पायऱ्या मोजल्या. माझ्या मावसबहिणीच्या नात्यातलं एक घर देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथं बसून चहा घेतला आणि आतली सोय बघून आले. कमोड आहे. धरायला दांडा नाही, पण शुक्रवारपर्यंत लावतो म्हणालेत.

परत येऊन आजींना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी दांड्याबद्दल दोनदा विचारलं, कुठल्या हाताला लावणार तेही विचारलं. उजव्या, म्हटलं. मग म्हणाल्या, "बरं. बाटली मोठी आण मग या खेपेला."