चौदा नाणी, अकरावा आठवडा : क्रमांक पाचवरचा फिकट हिरवा ठिपका

चौदा जुन्या, गंजलेल्या नाण्यांच्या सफाईची आणि जतनाची ही नोंदवही आहे. मागच्या नोंदीत त्यांची वजने आणि भिंगाखालचे पहिले निरीक्षण दिले होते. त्यांपैकी नऊ तांब्याची, चार कांस्याची (तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची) आणि एक पितळेचे आहे. अकरा आठवड्यांनंतर नऊ नाण्यांचे काम पूर्ण झाले आहे, चार अजून पाण्यात आहेत आणि क्रमांक पाच या कांस्य नाण्याने एकट्याने बाकी सर्वांपेक्षा जास्त वेळ घेतला आहे. त्यामुळे ही नोंद बरीचशी त्याच नाण्याची आहे.

हिरवे दिसले की घासायला घ्यायचे, ही सवय मोडायला मला काही वर्षे लागली. जमिनीत राहिलेल्या तांब्याच्या नाण्यावर धातूला अगदी लागून क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा, तांबडा थर असतो, आणि त्याच्यावर मॅलाकाइटचा हिरवा किंवा क्वचित अझुराइटचा निळा थर चढलेला असतो. हे दोन्ही तांब्याचे कार्बोनेट आहेत, सावकाश तयार होतात, घट्ट धरून बसतात आणि नखाने उचकटत नाहीत. असा थर नाण्याला खात नाही, उलट बऱ्याच वेळा तोच नाण्याचा तपशील सांभाळून असतो. कांस्यात आणखी एक गोष्ट घडते : तांबे हळूहळू झिरपून निघून जाते आणि कथलाचे ऑक्साइड जागेवरच राहते, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत, करड्या-हिरव्या कातडीसारखा दिसतो. माझ्या चार कांस्य नाण्यांपैकी दोघांवर अशी कातडी आहे आणि त्यांना मी मऊ ब्रशने माती झटकण्यापलीकडे हात लावलेला नाही.

थर काढायचाच असेल तर कुठे थांबायचे, हा खरा कौशल्याचा भाग आहे. टांकसाळीत नाणे पाडले तेव्हाचा मूळ पृष्ठभाग आता धातूत नसून गंजाच्या थरांच्या आतच कुठेतरी दडलेला असतो, आणि अक्षरेही तिथेच उमटलेली असतात. मला उपयोगी पडलेली खूण अशी : वीस पट भिंगाखाली पाहताना थरामध्ये वाळूचे काचेसारखे कण रुतलेले दिसत असतील, तर आपण अजून मूळ पृष्ठभागाच्या वर आहोत, कारण तो थर बाहेरच्या मातीला कवेत घेत वाढलेला असतो. कण दिसेनासे झाले आणि थर एकजिनसी, गडद लागू लागला की सुई खाली ठेवावी. क्रमांक दोनवर मी याच खुणेने तीन आठवडे बांबूच्या टोकदार काडीने आणि सुईने काम केले, आणि कडेची चार अक्षरे क्युप्राइटवर स्वच्छ उभी राहिली.

याच्या उलट अनुभवही माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी एक तांब्याचे नाणे मी लिंबाच्या रसात रात्रभर ठेवले होते. सकाळी हिरवा थर गेला होता, पण त्याखालचे क्युप्राइटही गेले होते, आणि हाती आले ते गुलाबी, खड्ड्याखड्ड्यांचे, अक्षरे पुसलेले तांबे. आम्ल थर आणि तपशील यांत भेद करत नाही. ते नाणे मी अजून जवळ ठेवले आहे आणि नवीन कामाला बसण्यापूर्वी एकदा पाहतो.

आता क्रमांक पाच. चौथ्या आठवड्यात कडेजवळ टाचणीच्या डोक्याएवढा फिकट हिरवा ठिपका दिसला. मॅलाकाइटचा हिरवा रंग गडद असतो, हा मात्र जवळजवळ पांढऱ्याकडे झुकलेला होता. सुईचे टोक लावताच तो पिठासारखा भुरभुरला. पूड ब्रशने काढल्यावर खाली छोटा खड्डा लागला आणि त्याच्या तळाशी मेणासारखा मऊ, करडा पदार्थ दिसला, ज्यात सुई सहज रुतत होती. हा नँटोकाइट, म्हणजे क्युप्रस क्लोराइड, आणि हेच कांस्यरोगाचे मूळ आहे.

रोग हा शब्द इथे शोभतो, कारण प्रक्रिया स्वतःलाच पोसत राहते. खारट माती, समुद्राचे पाणी किंवा हातांचा घाम यांतून आलेले क्लोराइड धातूजवळ साचते. हवेतील ओलावा आणि प्राणवायू त्याच्यापर्यंत पोहोचले की त्यातून फिकट हिरवी पूड बनते आणि त्याबरोबर थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल खालच्या ताज्या तांब्यावर काम करते, पुन्हा क्युप्रस क्लोराइड तयार होते आणि चक्र पुढे चालू राहते. पूड मूळ पदार्थापेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून ती वरचा चांगला थर आतून ढकलून फोडते. सापेक्ष आर्द्रता साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया जोर धरते. म्हणूनच पावसाळी हवेत कालपर्यंत शांत असलेले नाणे अचानक फुटलेले दिसते. शंका असेल तर मी एक परीक्षा करतो : झाकणाच्या काचेच्या डब्यात ओला कापूस ठेवून त्याला न टेकता, प्लॅस्टिकच्या जाळीवर नाणे चोवीस तास ठेवतो. निरोगी थर जसाच्या तसा राहतो. क्लोराइड जागे असेल तर हिरवे कण उगवतात. क्रमांक पाचवर आणखी दोन ठिकाणी ते उगवले.

त्यानंतर क्लोराइड धुऊन काढण्यासाठी पाण्याची पाळी होती. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणे बुडवून दर आठवड्याला पाणी बदलले आणि काढलेल्या पाण्याची सिल्व्हर नायट्रेटने तपासणी केली. काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन त्यात नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. क्लोराइड असेल तर काळ्या कागदासमोर धरल्यावर दुधाळ ढग दिसतो. आम्ल आधी घालणे महत्त्वाचे आहे, नाहीतर कार्बोनेटमुळेही ढग येतो आणि आपण फसतो. (सिल्व्हर नायट्रेटचा डाग बोटांवर दिवसेंदिवस काळा राहतो, हातमोजे हवेतच.) पहिल्या आठवड्यात ढग दाट होता, चौथ्यात अंधुक झाला. सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे पाच टक्क्यांचे द्रावण हे काम पाण्यापेक्षा चांगले करते, पण ते तांब्याचे हिरवे-निळे थरही हळूहळू विरघळवते आणि कधी नवाच निळसर थर चढवते, म्हणून चांगल्या रंगाच्या या नाण्यावर मी ते टाळले.

नवव्या आठवड्यात नाणे वाळवून, खड्ड्यांतला मेणासारखा पदार्थ सुईने शक्य तेवढा काढून, इथेनॉलमधल्या तीन टक्के बेन्झोट्रायझोलमध्ये, म्हणजे तांब्याचा गंज रोखणाऱ्या रसायनात, चोवीस तास ठेवले. ही पद्धत १९६७ मध्ये संवर्धक मॅडसन यांनी मांडली आणि संग्रहालयांत ती अजून वापरली जाते. बेन्झोट्रायझोल तांब्याशी जोडले जाऊन एक पातळ संरक्षक पापुद्रा तयार करते, पण क्लोराइड बाहेर काढत नाही, त्यामुळे आधी धुणे वगळले तर उपयोग थोडा. पदार्थ आरोग्याला घातक आहे. उघड्या खिडकीजवळ, हातमोजे घालूनच काम करावे. वाळल्यावर पृष्ठभागावर पांढरे स्फटिक उरले, ते इथेनॉलच्या बोळ्याने पुसले. ओल्या डब्यातील परीक्षेत दोन ठिपके शांत राहिले, पण कडेजवळचा मूळ खड्डा पुन्हा हिरवा झाला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. क्रमांक अकरा आणि बारा यांच्यावरचा चिकट हिरवा थर गंजाचा नव्हता. जुन्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांतून सुटलेला तेलकट पदार्थ होता, आणि तो शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये एका तासात निघाला. खाली धातू किंचित खाल्ला गेला आहे, तो परत येणार नाही. आता काम झालेली नाणी मायलरच्या, म्हणजे पॉलिएस्टर फिल्मच्या, पाकिटांत आहेत. ऑलिव्ह तेलात भिजवण्याचा सल्ला मी आता देत नाही, कारण तेलातली आम्ले तांब्याला लागतात आणि तेल खड्ड्यांतून पूर्ण निघतच नाही, त्यामुळे पुढचा प्रत्येक उपाय अडतो.

पूर्ण झालेली नऊ नाणी हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवली असून आत आर्द्रता ३४ टक्के आहे. जेलचे नारिंगी मणी हिरवे झाले की १२० अंशांवर वाळवून परत टाकतो. क्रमांक पाच त्याच्याच छोट्या डब्यात वेगळा आहे. त्या एका खड्ड्यासाठी आता सिल्व्हर ऑक्साइडची लुगदी वापरणार आहे : अल्कोहोलमध्ये कालवून खड्ड्यात भरली की ती उघड्या क्लोराइडशी संयोग पावून सिल्व्हर क्लोराइडचे बूच तयार करते. भरल्यावर ओल्या डब्यात चोवीस तास, आणि हिरवे आले तर खड्डा उकरून पुन्हा पहिल्यापासून. आजचे वजन ६.३८ ग्रॅम आहे. उपचारापूर्वी ते ६.४१ होते.