आगरवाड्याच्या मिठागरात रात्रीचं रिंगिंग

रिंगिंगसाठी, म्हणजे पक्षी जाळ्यात पकडून पायात नंबराचं कडं घालून सोडायला, गुढीपाडव्याच्या आधीची अमावास्या मुद्दाम धरली होती. चांदणं असलं की पक्ष्यांना जाळं दिसतं, ते वरून निघून जातात, आणि दुसरं म्हणजे अमावास्येला भरतीला उधाण असतं. गोव्यातल्या शापोरा नदीच्या कडेचा चिखल पूर्ण पाण्याखाली जातो, मग त्या चिखलात किडे-शिंपले टिपणारे सगळे लहान पक्षी उभं राहायला जागा शोधत मिठागरांत येतात. रात्री अकराच्या आसपास भरती आणि वर चंद्र नाही, रिंगिंगवाल्यांना याहून चांगलं काय हवं.

म्हापशाहून बस धरली, शिवोलीचा पूल ओलांडला की चोपडें आणि लगेच आगरवाडा. पूल व्हायच्या आधी इथे फेरी होती, आई अजून तिच्या गोष्टी सांगते. मोरजीला जाणारे टुरिस्ट इथून भरधाव निघून जातात आणि डाव्या हाताला मिठाचे पांढरे ढीग आहेत हे बहुतेकांच्या लक्षातही येत नसेल, मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मार्चमध्ये ही जागा बघण्यासारखी असते. मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतलेलं खारं पाणी एका कोंडीतून (बांध घातलेल्या उथळ वाफ्यातून) दुसरीत फिरवत आटवत आणायचं आणि शेवटच्या कोंडीत मीठ धरायचं, असं काम पावसाळ्यापर्यंत चालतं. मधल्या कोंड्यांमध्ये वीतभरसुद्धा पाणी नसतं आणि पक्ष्यांना नेमकं तेवढंच लागतं.

टीम मुंबईहून आली होती, वनखात्याची परवानगी घेऊन. ती लागतेच, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली असं कुणालाही उठून पक्षी पकडता येत नाही आणि ते बरोबरच आहे. आम्ही स्वयंसेवक म्हणजे बांबू वाहणारे, पिशव्या देणारे, वही लिहिणारे. जाळ्यातून पक्षी सोडवायचं काम फक्त शिकलेल्या माणसांचं. संध्याकाळी बांधावर बांबू रोवले, त्यावर काळी बारीक जाळी ताणली. जाळ्याला आडव्या दोऱ्या असतात, त्यांच्यामध्ये जाळं थोडं सैल सोडलेलं असतं, पक्षी आपटला की त्या झोळीत अलगद पडतो. पाण्यावर लावायचं असेल तर सगळ्यात खालची झोळी बरीच वर ठेवावी लागते, नाहीतर पक्ष्याच्या वजनाने ती पाण्याला टेकेल आणि तो बुडेल. टीमच्या ताईने हे परत परत सांगितलं आणि दर वीस मिनिटांनी ती स्वतः फेरी मारायची, कमरेला पिशव्या लटकवून, चिखलातून.

हे आगर, म्हणजे मिठागर, ज्यांचं, ते काका बांधावर बसून सगळं बघत होते. पहिली पिशवी आली तसे उठून जवळ आले, "बाय, तांकां दुखना मगो?" (त्यांना दुखत नाही ना?) ताईने त्यांच्यासमोरच पक्षी बाहेर काढला. पाठ तळहातावर, मान पहिल्या दोन बोटांच्या मध्ये सैल धरलेली, बाकी बोटं पंखांवर, बस. सँड प्लोव्हर होता, आपला चिखल्यांपैकीच एक. छातीवर विटकरी रंग यायला सुरुवात झाली होती, हिवाळाभर हे पक्षी इतके मातकट दिसतात की चिखलात सापडत नाहीत आणि निघायची वेळ आली की असे रंगतात. कडं ॲल्युमिनियमचं, अगदी हलकं, त्यावर नंबर आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा एवढाच मजकूर. पक्कडने घट्ट न करता पायावर मिटवायचं, मग नखाने फिरवून बघायचं की सैल आहे ना. काकांनी वाकून ते फिरताना बघितलं आणि मान हलवली, त्यानंतर ते टॉर्च धरायला आमच्यातच आले.

मला वही मिळाली होती. पंख स्टॉपरच्या, म्हणजे टोकाला अडसर असलेल्या, पट्टीवर मोजायचा, चोच आणि पाय कॅलिपरने, आणि मग ज्या गोष्टीसाठी मार्चमध्ये यायचं ती. ताईने पक्ष्याच्या गळ्याखाली हलकी फुंकर मारली, पिसं बाजूला झाली आणि पातळ कातडीखाली, गळ्याच्या हाडाच्या खळगीत, पिवळसर चरबी दिसली. खळगी भरून वर आलेली. मी इतक्या जवळून कधीच असं काही पाहिलं नव्हतं. नंतर त्याला डोकं खाली करून प्लास्टिकच्या नळकांड्यात घातलं, काट्यावर ७२ ग्रॅम. म्हणजे याने निघायची तयारी केलीय, ताई म्हणाली. यातले बरेच पक्षी हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावर घरटी करतात आणि त्या प्रवासाचं इंधन ही चरबी, जी आगरवाड्याच्या चिखलातून गोळा झालेली. त्याच रात्री लिटल स्टिंट हे त्याहून लहान पक्षीही मिळाले. दहा रुपयांची तीन नाणी हातात घ्या, साधारण तेवढं वजन, आणि हा जीव पार उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात जाऊन अंडी घालतो.

चहाच्या वेळी सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका मुलाने विचारलं की आपल्याकडे हे रिंगिंग एवढं सुरू कसं झालं, आणि उत्तर ऐकून तोच सगळ्यात जास्त चकित झाला. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसांनाही ताप आला, तोच क्यासनूर ताप, जो २०१५ मध्ये सत्तरीतही आला आणि ज्याला सगळे माकडताप म्हणतात. त्याचा व्हायरस रशियातल्या एका व्हायरसच्या नात्यातला निघाला, मग शंका आली की सायबेरियातून येणारे पक्षी गोचिडींबरोबर तो इकडे आणतात की काय. ते बघायला १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर सलीम अलींच्या हाताखाली बीएनएचएसचा मोठा प्रकल्प सुरू झाला. आजाराच्या शोधातून पक्ष्यांच्या वाटा कळायला लागल्या.

भरती ओसरायला लागल्यावर एक सँड प्लोव्हर आला त्याच्या पायात आधीच कडं होतं! खाऱ्या पाण्याने झिजलेलं, कडा पातळ, नंबर जवळजवळ पुसलेला. भिंग लावून, टॉर्च तिरका धरून एकेक आकडा वाचला, मी लिहिला, परत वाचला, ताडला. जुन्या यादीत शोधल्यावर निघालं की कडं याच आगरात मागच्या एका हिवाळ्यात घातलेलं, तेव्हाही पक्षी पूर्ण वाढलेला. मधे त्याने निदान एकदा तरी उत्तर गाठली असणार आणि तो परत आला तो ह्याच बांधांवर, इथे किती मिठागरं, किती किनारा, तरी नेमका इथे. अशी परत सापडणारी कडी फार कमी, शेकड्यांनी घालावी तेव्हा एखादं हाताला लागतं, म्हणून तेवढ्या रात्री सगळे जागे.

सोडतानाही घाई नाही. टॉर्च बंद करून थोडा वेळ अंधारात ठेवायचं, डोळे सरावले की बांधावर उतरवायचं, मग तो स्वतः चालत जातो.

शेजारचं आगर काकांनी दाखवलं, काही वर्षं कुणी मीठ केलेलं नाही, बांध फुटलाय आणि आत खारफुटीची रोपं कमरेएवढी झालीत. खारफुटी वाईट नव्हे, मी कधीच तसं म्हणणार नाही, पण या पक्ष्यांना चारी बाजूंनी मोकळं दिसलं पाहिजे, झाडीत ते उतरत नाहीत. त्या आगरात आम्हाला एकही दिसला नाही. मीठ करणारी माणसं टिकली तर ही जागा टिकेल असं माझं स्पष्ट मत झालंय, आणि पोरं आता या कामाला येत नाहीत हे काकांनी न विचारताच सांगितलं. मी त्यांच्याकडून दहा किलो मीठ घेतलं, तुम्ही मोरजीला जाताना गाडी थांबवून घ्या, रस्त्यालाच विकायला असतं.

आणि किनाऱ्यावर कुठेही पायात कडं असलेला पक्षी दिसला तर त्याच्या मागे धावू नका, लांबूनच झूम करून फोटो काढा, कोणत्या पायात आहे ते, जागा आणि तारीख लिहा आणि बीएनएचएसला पाठवा. मेलेला सापडला तरी कळवा, तोही नंबर तितकाच कामाचा.