तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरीची मशीन कोणत्या कंपनीची घ्यावी?

"मामा, कोणच्या कंपनीची घिऊ?" आमच्या दुकानात हा प्रश्न पाणी पिण्याइतका नेमाचा. लातुरात मोटार बाइंडिंग आणि ड्रिल-ग्राइंडरची दुरुस्ती हा आमचा धंदा. याच्या काउंटरवर रोज मशिनींची पोटं उघडी पडतात म्हटल्यावर याला खरं माहीत असणार, असं लोकांना वाटतं. विचारणाऱ्यांत सुतार असतात, शेडं मारणारे फॅब्रिकेशनवाले असतात, पीओपीवाले असतात आणि हल्ली स्वतःच्या शेतात स्वतःच गोठा उभा करणारे शेतकरीही असतात. सगळ्यांना एका शब्दात उत्तर पाहिजे असतं. बॉश की मकिता की डिवॉल्ट? मी तसं देत नाही म्हणून काही जण नाराज होऊन जातात. त्यांच्यासाठी हे जरा बैजवार लिहितोय.

मशीन बघायच्या आधी बॅटरी बघा. बॅटरीच्या मशिनीत खरी किंमत बॅटरीची असते. दोन बॅटऱ्या आणि चार्जर मिळून बहुतेक वेळा नुसत्या बॉडीपेक्षा महाग पडतात. एका कंपनीच्या दोन बॅटऱ्या घेतल्या की पुढचं ग्राइंडर, पुढचा हॅमर, पुढचा जिगसॉ त्याच कंपनीचा घ्यावा लागतो, कारण एकाची बॅटरी दुसऱ्याला सहसा बसत नाही. तेव्हा आज नुसतं ड्रिल घेताय असं समजू नका, पुढच्या कैक वर्षांची सोयरीक जमवताय.

आता आकड्यांचा घोळ. बाजारात डब्यांवर २१ व्होल्ट, ४८ व्हीएफ, ९८ व्हीएफ असं काहीही छापलेलं असतं. परवा एक पोरगा असलीच एक बॅटरी घेऊन आला. म्हणाला, "मामा, बॉशची अठराचीच असती, ही बगा, अठ्ठ्याण्णवची हाय. तरी स्क्रू आत जाईना." त्याच्यासमोर खालचे स्क्रू काढून बॅटरी उघडली. आत अंगठ्याएवढ्या जाडीचे पाच सेल, निकेलच्या पट्टीनं एकामागे एक जोडलेले, आणि बाकी जागा रिकामी. असा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ चा. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८, पाच गुणिले ४.२ म्हणजे २१. मीटर लावला तर साडेवीसच्या आसपास दाखवलं. "मग अठ्ठ्याण्णव कुठून आले?" म्हणाला. म्हटलं, छापखान्यातून.

हे एकदा ध्यानात आलं की बरंच सोपं होतं. डिवॉल्टवर २० व्होल्ट मॅक्स लिहिलेलं असतं, तीही पाच सेलांचीच. युरोपात तोच माल १८ व्होल्ट म्हणून विकतात. बॉश, मकिता सरळ १८ लिहितात. १८, २० आणि २१ यांत पाच पैशाचा फरक नाही. छोट्या १२ व्होल्टवाल्या बॅटरीत तीन सेल असतात, म्हणजे खरे १०.८. बॉश आधी तसंच छापायचं, नंतर १२ छापायला लागलं.

व्होल्टपेक्षा बॅटरीवरचा एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती साठा मावतो तो) नावाचा आकडा बघा. १८ ला २ एएचनं गुणलं की ३६ वॉट-तास, ४ एएचनं गुणलं की ७२. एवढीच शिदोरी. पण दोन्हींत नुसता वेळेचा फरक नाही. २ एएचवाल्यात पाच सेलांची एक रांग असते, ४ किंवा ५ एएचवाल्यात बहुधा दोन रांगा. मशिनीवर जोर पडला की एक रांग एकट्या बैलासारखी दमते, दोन असल्या की भार वाटला जातो. म्हणून तेच ड्रिल मोठ्या बॅटरीवर जास्त ताकदीचं वाटतं. हलकं फर्निचरचं काम असेल तर दोनची बॅटरी बरी, मनगट दुखत नाही. हॅमर किंवा ग्राइंडर लावणार असाल तर चारच्या खालची घेऊच नका.

आता कंपन्या. बॉशचं सांगायचं तर निळी आणि हिरवी यांत गफलत करू नका. निळी कारागिरांसाठी, हिरवी घरगुती, आणि दोन्हींच्या बॅटऱ्या एकमेकींत चालत नाहीत. ऑनलाइन स्वस्त दिसली म्हणून हिरवी मागवतात आणि मग निळ्याची बॅटरी तिला बसवायला माझ्याकडे येतात. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब असं काम करणाऱ्याला बॉशचं १२ व्होल्टचं छोटं ड्रिल मी डोळे झाकून सांगतो. कपाटाच्या आत हात घालून बिजागरी बसवताना अठराचं धूड काय कामाचं? फक्त पुढं मोठी मशीन घेतली तर ही बॅटरी तिला लागणार नाही, हे आधीच ठरवून घ्या.

मकिताबद्दल मला जरा आपुलकी आहे, ते लपवत नाही. १९१५ साली जपानातल्या नागोयात ती कंपनी सुरू झाली ती मोटारी, ट्रान्सफॉर्मर विकायला आणि दुरुस्त करायला. म्हणजे आमच्याच जातीची. त्यांची १८ व्होल्टची लिथियम बॅटरी २००५ ची. त्या एका बॅटरीवर आज ड्रिलपासून गवत कापायच्या मशिनीपर्यंत एवढा माल निघतो की सुतारकी आणि बांधकाम दोन्ही करणाऱ्याला दुसरीकडे बघायची गरज पडत नाही. मोठ्या मशिनींना दोन बॅटऱ्या एकदम लागतात, म्हणजे ३६ व्होल्ट. नंतर आलेली ४० व्होल्टवाली मालिका मात्र वेगळी आहे, तिची बॅटरी १८ च्या मशिनीला बसत नाही. मकिताची आणखी एक भानगड तिच्या खाचेची. कितीतरी चायना मशिनी मकिताच्याच खाचेच्या बॅटरीवर निघतात. ग्राहक खूश होतो, कारण अस्सल मशिनीला स्वस्तातली नक्कल बॅटरीही बसते. बसते, हे खरं. पण आतले सेल कुठले, त्यांच्यावर लक्ष ठेवणारं सर्किट कसलं, हे देव जाणे. फुगलेले, वितळलेले डबे माझ्याकडे येतात ते याच जातीचे.

डिवॉल्ट दणकट, वजनदार आणि महाग. त्यांची फ्लेक्सव्होल्ट बॅटरी २०१६ ची. ती मोठ्या मशिनीत ५४ व्होल्ट देते आणि लहान मशिनीत लावली की आपोआप १८ वर येते. मोठ्या साइटवर लाकूड चिरणाऱ्याला हा प्रकार कामाचा. तुमच्या-आमच्या घरगुती फर्निचरला एवढं लागत नाही. स्टॅनली, ब्लॅक अँड डेकर आणि डिवॉल्ट एकाच घरातले, म्हणून बॅटऱ्या चालतील असं धरू नका. वायरशिवायचं पहिलं ड्रिल १९६१ साली ब्लॅक अँड डेकरनंच काढलं, पण त्याचा आज तुम्हाला काय उपयोग, उगाच सांगितलं.

जुने मिस्त्री अजून "हिताची द्या" म्हणतात. त्या मशिनी २०१८ पासून हायकोकी नावानं येतात. त्यांचीही ३६ आणि १८ दोन्हीवर चालणारी बॅटरी आहे आणि ती आकारानं साध्या १८ च्या बॅटरीएवढीच. माल चांगला, पण आपल्या भागात पार्ट मिळतो का ते विचारूनच घ्या.

इन्को, डोंगचेंग, टोटल यांना सरसकट "चायना" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. त्यांची स्वतःची बॅटरी आहे, स्वतःचा चार्जर आहे. महिन्याकाठी चार-दोन कामं निघणाऱ्याला ती पुरतात. ज्याच्या डब्यावर फक्त व्हीएफ छापलंय आणि कंपनीचा पत्ता नाही, त्या मालावर मी बोलत नाही.

ब्रशलेस घ्यावी का, हाही ठरलेला प्रश्न. ब्रशलेसमध्ये कार्बन, म्हणजे मोटारीला घासत करंट पोचवणारे तुकडे, नसतात. घासायला काही नाही म्हणून बॅटरी जास्त पुरते आणि मोटार कमी तापते. पण तिचं डोकं सर्किटमध्ये. ते गेलं की बहुतेक वेळा सगळा जोडच बदलावा लागतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस खुर्चीत बसतो. कार्बनवाली बिघडली तर थोडक्यात सुटते. रोज मशीन हातात असणाऱ्यानं ब्रशलेस घ्यावी. बाकीच्यांनी कार्बनवाली घेऊन उरलेल्या पैशात दुसरी बॅटरी घ्यावी.

कंपनीपेक्षा जास्त लोक फसतात ते मशिनीच्या जातीत. आपल्याकडे १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा मातीचा भार अंगावर येऊन हजारो माणसं गेली. तेव्हापासून डोक्यावर पत्रा बरा, असं धरणारी घरं या भागात गावोगाव आहेत. शिवाय गोठे, गोदामं आहेतच. त्यामुळे पत्र्याच्या शेडांना तोटा नाही. या कामाला ड्रिल घेऊच नका, इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. तो फिरवता फिरवता आडव्या ठोक्यानं स्क्रू कसतो, त्यामुळे हाताला झटका बसत नाही. आठच्या सॉकेटनं पत्र्याचे स्क्रू मारत तुम्ही कैचीवर, म्हणजे पत्र्याखालच्या सांगाड्यावर, बसलेले असता, तिथं मनगट पिरगाळलं म्हणजे खाली यायलाच झालं. शेतात विजेचा मीटर नसतो, असला तरी लाइट कधी येईल ते सांगता येत नाही. कॉर्डलेसचे पैसे खरे वसूल होतात ते इथं.

तोच इम्पॅक्ट सुतार एमडीएफवर वापरतो आणि बिजागरीचा स्क्रू गरगर फिरून भोक मोकळं होतं. इम्पॅक्टला क्लच नसतो. ड्रिलच्या चकामागं आकडे लिहिलेली रिंग असते ती याचसाठी. चार-पाचवर ठेवा, स्क्रू बसला की टर्रर् करून थांबतं. बाभळीला किंवा वाळलेल्या सागाला आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू घाला, नाहीतर डोकं तुटतं आणि दोष मशिनीला जातो.

फॉल्स सीलिंगवाल्यांना एकच सांगणं. हातोडीचं चित्र असलेलं ड्रिल विटेला, ब्लॉकला ठीक आहे. स्लॅबला एसडीएस (खाचा असलेल्या दांड्याच्या) बिटचा हॅमर लागतो. त्याच्यात आत पिस्टननं हवा दाबून खरा ठोका बसतो, ड्रिलमध्ये नुसत्या दोन दातेरी चकत्या घासतात. काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीलाही हॅमरच. भिंत मातीत रचलेली असेल तर दगड सोडून सांध्यात भोक पाडू नका, त्यात खुंटी धरत नाही.

आणि वायरच्या मशिनी लगेच भंगारात घालू नका. प्लाय कापायला आपले सुतार चार इंची मार्बल कटर वापरतात, तो हजार वॉटच्या पुढचा असतो. ७२ वॉट-तासांच्या बॅटरीवर हजार वॉटचा भार टाकला तर हिशेबानं चार मिनिटं आणि थोडे सेकंद होतात. कॉर्डलेस कटर सतत एवढा ओढत नाही, मान्य. तरी दिवसभर कापणी असेल तिथं वायरच बरी. रंधा मशिनीचंही तेच. भोकं, स्क्रू, उंचावरचं काम आणि एखाद-दुसरी कापणी एवढं बॅटरीवर घ्या.

आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीचा वैरी. बहुतेक कंपन्या ४०-४५ अंशाच्या वर बॅटरी चार्ज करू नका म्हणतात. एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा ४२-४३ ला टेकतो, पत्र्याखाली आणि गाडीच्या डिकीत काय होत असेल! चार्जरचा लाल दिवा लुकलुकत राहतो आणि लोक चार्जर बिघडला म्हणून घेऊन येतात. बिघडलेलं काही नसतं, बॅटरी तापलेली असते. अर्धा तास सावलीत ठेवा, मग लावा. फ्रिजमध्ये ठेवू नका, तसेही महाभाग आहेत. जनरेटरवर चार्ज करायची सवयही सोडा. मकिताच्या चार्जरच्या पुस्तिकेत तर हे स्पष्ट नाही म्हणून लिहिलेलं असतं.

पैशाचं म्हणाल तर २०२३ च्या सप्टेंबरात पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, तिच्या १८ धंद्यांत सुतार आहे. नोंदणी झालेल्याला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत व्हाउचर मिळतं, शिवाय ५ टक्के व्याजानं कर्ज. सुतार असाल तर आधी तिथं चौकशी करा आणि मगच दुकानदाराच्या हप्त्यात अडका.

शेवटी निवड कशी करायची? तुमच्या गावात, तुमच्या जोडीदारांकडं कोणत्या रंगाच्या बॅटऱ्या जास्त आहेत ते बघा. साइटवर तुमची संपली की उसनी मिळायला पाहिजे. मग त्या कंपनीचं काम जवळ कोण करतं ते विचारा. लातूरकराला पुणं लांब पडतं, मशीन तिकडं गेली की ती परत येईस्तोवर हातातलं काम जातं. या दोन्हीत जी कंपनी बसेल ती घ्या, मग ती निळी असो, पिवळी असो.

जुनी घेणार असाल तर बॉडी कितीही घासलेली असू द्या, ती मी करून देईन. बॅटरी मात्र पूर्ण भरून आणायला सांगा, एक रात्र तशीच ठेवा आणि सकाळी मीटर लावा. पाच सेलांची असेल तर २० च्या वर दाखवायला पाहिजे. मग अठरा मिलिमीटरचा बिट लावून जाड लाकडात भोक पाडा. मध्येच मशीन बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर बॅटरीचे पैसे धरू नका, फक्त बॉडीचा भाव करा.