काळी एक सोडताना

आमच्या भजनी मंडळात मी बारा वर्षं पेटी वाजवतोय. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात, शिवाय एकादशीला, गणपतीत, कुणाकडे सत्यनारायण असला तर तिथे. आमचे बुवा काळी एकमधे गातात, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा, त्यामुळे मीही काळी एकच वाजवत आलो, अगदी डोळे मिटून, आणि लोक म्हणायचे काय हात बसलाय तुमचा, मलाही ते खरं वाटायचं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या होत्या, विशारद राहून गेलं. आता काय गरज, सगळं तर चाललंय, असं म्हणत ती वही माळ्यावर गेली.

रामनवमीला बुवांची नात गायला बसली. पोरगी शिकलेली, आवाज काळी पाचचा. मी सा धरला आणि रे साठी बोट सवयीने पुढच्या काळीवर गेलं. काळी एकमधे तिथेच रे असतो हो, पण काळी पाचमधे त्या जागी कोमल ग, म्हणजे अर्धा सूर उतरलेला ग, लागतो! रे पांढरी एकवर, ग पांढरी दोनवर. डोक्याला सगळं माहीत होतं, बोटांना नव्हतं. शेवटी नुसता सा-प धरून बसलो, तबला आणि टाळांनी तिला सांभाळून नेलं. नंतर ती जवळ येऊन एवढंच म्हणाली, काका, आपण उद्या सकाळी एकदा बसूया का?

त्या रात्री झोप नाही लागली. मला पेटी येत होती की त्या सात पट्ट्या पाठ होत्या, हेच डोक्यात फिरत राहिलं.

मुलगा म्हणाला स्केल चेंजर पेटी घ्या बाबा, पट्ट्या सरकवल्या की बोटं तीच राहतात आणि सूर बदलतो. चांगलीच सोय आहे ती, कार्यक्रमात वाजवणाऱ्यांना लागतेच, पण मी घेतली असती तर पुढची बारा वर्षंही तशीच गेली असती. नाही घेतली.

आता पहाटे साडेपाचला साधी पेटी काढतो, घरचे झोपलेले असतात म्हणून भाता अगदी हळू. सारेग रेगम गमप, एक सूर धरला की आठवडाभर तोच. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, काळी एकचा बसलेला हातसुद्धा अडखळायला लागला आणि वाटलं होतं तेही जातंय की काय. मग एकदा काळी पाचमधे भैरवी लावली, त्या रागात रे ग ध नि कोमल, म्हणून रे पांढरी सातवर, प पांढरी चारवर, बाकी सगळ्या काळ्या, आणि हात आपोआप वळला तेव्हा डोळ्यात पाणी आलं माझ्या.

परवा बुवांना हे सांगत होतो तर ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, दोन वर्षं झाली, काळी एकचा वरचा सा मला जड जातोय, पण तुझा हात त्यात बसलाय म्हणून बोललो नाही.

दोन वर्षं ते ताणून गात होते आणि मी शेजारी डोळे मिटून वाजवत होतो.

या गुरुवारी पांढरी सातमधे सुरू करायचं ठरलंय, दोनच पट्ट्या खाली. सा पांढरा, रे ग काळ्या, म पांढरा, मग प ध नि तिन्ही काळ्या. आज मंगळवार, अजून नि ला बोट अडतंय.